वही रद्दीत टाकू का?

पत्र

ताई,

लग्नानंतर वर्षभरानं मी एक वही घातली. प्रार्थनेचं उत्तर मिळालं की तारीख टाकून दोन ओळी लिहायच्या, एवढंच. एकोणीस वर्षांत वही जवळजवळ भरली. आमच्या थोरल्याचं आजारपण त्यात आहे. चार वर्षांचा होता. ताप डोक्यात गेलेला, डॉक्टर नीट काही सांगत नव्हते. बाराव्या दिवशी सकाळी तो उठून बसला आणि पाणी मागितलं.

गेली अडीच वर्षं वहीत एक ओळ नाही. ह्यांचं काम सुटलं, ते पुन्हा लागलं नाही. कर्ज झालं. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. थोरला, तोच, आता घरात धड बोलत नाही आणि चर्चलाही येत नाही.

आमच्या मंडळीतल्या एक काकू म्हणाल्या, "देवाचे मागचे उपकार आठव, मन हलकं होईल." म्हणून रात्री सगळे झोपल्यावर वही काढून वाचली. हलकं कसलं, संताप आला. वाटलं, ही बाई कोण? हिचं सगळं ऐकत होता, मग माझं का नाही? ताई, मला माझाच हेवा वाटला. वही रद्दीत घालावीशी वाटते आणि मग असं वाटल्याचीच भीती वाटते. हा अविश्वास आहे का?

– एक वाचक

उत्तर

प्रिय भगिनी,

वही रद्दीत टाकू नका. कारण पुढे सांगते. तोवर ती कपाटात, साड्यांच्या खाली, कुठंही पडून राहू दे. फक्त रात्री सगळे झोपल्यावर एकटीनं ती उघडायची नाही, निदान सध्या तरी. त्या वेळेला राईचाही डोंगर दिसतो.

अविश्वासाचं आधी बोलू, कारण तुमचा जीव तिथं अडकलाय. देवानं मागं केलेलं आठवावं आणि बरं वाटायच्या ऐवजी मनात भडका उडावा, हे तुमच्याच वाट्याला आलेलं नाही. पवित्र शास्त्रात त्यासाठी अख्खं स्तोत्र आहे, ८०वं, आसाफ या मंदिरातल्या गायकाच्या नावाचं. जमलं तर मोठ्यानं वाचा.

आसाफ त्यात अगदी तुमच्या काकूंनी सांगितलेलंच करतो. मागचं आठवतो. देवा, तू मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, द्राक्षीचा वेल काढून आणलास. वेल म्हणजे इस्राएल लोक. त्याच्यासाठी राष्ट्रं हुसकावलीस, जागा साफ केलीस, मग तो लावलास. मुळं खोल गेली. वेल असा फोफावला की त्याच्या सावलीत डोंगर झाकले, मोठमोठ्या गंधसरूंवर त्याच्या फांद्या चढल्या. इकडे समुद्रापर्यंत त्याचे फाटे गेले, तिकडे थेट फरात नदीपर्यंत कोंब. इतकं सगळं आठवून झाल्यावर आता स्तुती येणार असं आपल्याला वाटतं, आणि येतो प्रश्न: मग तू त्याचं कुंपण का मोडलंस? येणारा-जाणारा फळं ओरबाडतोय. रानडुक्कर मुसंडी मारून मळ्याची नासधूस करतंय. यात एक बारीक गोष्ट आहे. डुकरानं कुंपण मोडलं, असं आसाफ म्हणत नाही. तू मोडलंस, म्हणतो.

एवढं तोंडावर बोलायचा धीर त्याला आला कुठून? आठवणीतूनच. ज्यानं वेल लावलाच नाही, त्याला कुंपणाचा जाब कोण विचारणार? तुम्ही वही वाचून चिडलात, कारण तिच्यातली ओळ न् ओळ खरी आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. ते सगळे योगायोग होते असं वाटलं असतं, तर वही मिटून तुम्ही कूस बदलून झोपला असता. ज्याचा विश्वास उडालेला असतो त्याला रात्री दोन वाजता देवाशी भांडायला सवड नसते.

या स्तोत्रात एक पालुपद तीनदा येतं: आम्हाला पूर्वस्थितीवर आण, तुझा मुखप्रकाश पाड, म्हणजे आमचा बचाव होईल. पहिल्यांदा हाक आहे 'हे देवा'. दुसऱ्यांदा 'हे सेनाधीश देवा'. तिसऱ्यांदा 'हे परमेश्वरा, सेनाधीश देवा'. दार उघडत नाही म्हटल्यावर लेकरू कसं आधी नुसतं "आई" म्हणतं, मग "अगं आई", आणि मग आईचं पूर्ण नाव घेऊन ओरडतं, तशी ही हाक लांबत जाते. आणि स्तोत्र तिथंच संपतं. उत्तर येत नाही.

स्तोत्रात एफ्राईम, बन्यामीन आणि मनश्शे यांची नावं आहेत, म्हणून बरेच अभ्यासक ते इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याच्या पडत्या काळाशी जोडतात. ते राज्य पुढं खरंच गेलं. अश्शूरांनी इ.स.पू. ७२२च्या सुमारास त्याची राजधानी शोमरोन घेतली. म्हणजे आसाफानं मागितलं त्या अर्थानं ते कुंपण पुन्हा उभं राहिलंच नाही. तरी लोकांनी हे गीत टाकून दिलं नाही. उत्तर न आलेली प्रार्थना त्यांनी गीतांच्या पुस्तकात, स्तुतीच्या स्तोत्रांना लागून ठेवली.

तुमच्या वहीत मात्र अशा प्रार्थनेला जागाच नाही. रागावू नका, पण नियमच तुम्ही असा घातलात की उत्तर मिळालं की लिहायचं. त्यामुळं वहीत नुसते घड आहेत. काडी नाही, खोड नाही, छाटणी नाही. अशी वही वाचणाऱ्या कुणालाही वाटेल, या बाईच्या मळ्याला बारमाही फळ होतं.

माझ्या मामांची द्राक्षबाग होती. लहानपणी एकदा छाटणीनंतर दोन-तीन दिवसांनी मी तिथं गेले आणि बघून रडूच फुटलं. आधीच्या खेपेला डोक्यावर हिरवागार मांडव पाहिलेला. आता तारांवर नुसती काळपट खोडं आणि बोटाएवढ्या काड्यांचे खुंट. कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकत होतं. थेंब जमायचा, जरा लोंबकळायचा, खाली पडायचा, की दुसरा तयार. मी बोटावर घेऊन चाटून पाहिलं. चव अशी काही नव्हतीच. "मामा, वेल रडतोय," म्हटलं. मामा हातातली कात्री पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "रडू दे की. मुळं जागी आहेत म्हणून रडतोय. मेलेल्या खोडातनं थेंब येत नसतो."

तेव्हा मला ते कठोर वाटलं होतं. तुमचं पत्र वाचताना तेच वाक्य पहिल्यांदा आठवलं.

दुसरी गोष्ट मामांनीच दाखवली, मी जरा मोठी झाल्यावर. छाटणीच्या आधी ते निरनिराळ्या वेलींवरच्या काड्या कापून तपासायला न्यायचे. एकदा मीही सोबत गेले. काडीवर पेरापेराला जी गाठ असते तिला बागेत डोळा म्हणतात. तपासणाऱ्यानं पात्यानं तो डोळा अलगद उभा चिरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी वाकून पाहिलं. आत फिकट हिरवट, गाठीगाठींचं, बोराएवढं दिसणारं काहीतरी. नुसत्या डोळ्यांना तो ठिपकाही वाटला नसता. "हा घड," तो म्हणाला. बाहेरून बघाल तर वाळकी, तपकिरी, चुलीत घालावी अशी काडी.

यंदाचा घड यंदा तयार होत नाही. आधीच्या वाढीच्या काळात, पानं हिरवी असताना, ऊन मिळालेलं असताना, काडीवरच्या डोळ्यात तो सूक्ष्म रूपानं तयार होऊन बसतो. बागाईतदार त्याला सूक्ष्म घडनिर्मितीच म्हणतात. मग पानं झडतात, कात्री चालते, वेल उघडाबोडका होतो. घड मात्र आत असतो, मागच्या उन्हाचा. त्या बंद गाठीला आपल्या भाषेनं डोळा म्हटलं, याचं मला अजून नवल वाटतं. सगळ्याच डोळ्यांत घड सापडत नाही, हेही त्या दिवशी पाहिलं. काही रिकामे निघाले, आणि मामांनी तेही वहीत टिपून घेतलं.

देवाचा मागचा विश्वासूपणा मला या डोळ्यासारखा वाटतो. तो तुमच्या मागं, एकोणीस वर्षांपूर्वीच्या पानावर राहून गेलेला नाही. ज्या काडीकडं बघून तुम्हाला रडू येतंय तिच्याच गाठीत तो आहे. ज्या बाईचा तुम्हाला हेवा वाटला ती कुणी निराळी नाही. त्या हंगामातली पानं म्हणजे ती होती, आणि त्या पानांनी जे साठवलं ते तुमच्यात उतरलंय. अडीच वर्षं तुम्ही अंथरुणावरच्या माणसाचं करताय, कर्जाचे हप्ते जुळवताय आणि तरीही देवाला "तू कुठं आहेस" असं विचारताय. विचारायला बळ लागतं. ते आलं कुठून, याचा विचार करून पाहा.

याचा अर्थ येत्या दोन महिन्यांत ह्यांना काम लागेल, असा शब्द मी देणार नाही. देणाऱ्यांपासून जरा लांबच राहा. विश्वासूंना त्यांचा मळा परत मिळतोच असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर त्यांना पहिल्या राजे या पुस्तकाचा २१वा अध्याय वाचायला द्या. नाबोथानं वाडवडिलांचा द्राक्षमळा अहाब राजाला विकायला नकार दिला. ईजबेलीनं खोटे साक्षीदार उभे केले आणि त्याला दगडमार करून मारलं. देवानं ते पाहिलं, एलीयाला पाठवून राजाला जाब विचारला. नाबोथ मात्र त्याच्या मळ्यात परत आला नाही. शास्त्र ही गोष्ट लपवत नाही, मग आपण तरी का लपवावी?

आणखी एक वाक्य तुम्हाला ऐकवलं गेलं असेल, नसेल तर जाईल: "देव तुझी छाटणी करतोय." योहानाच्या १५व्या अध्यायात येशू म्हणतो की फळ देणाऱ्या फाट्याला पिता साफसूफ करतो, म्हणजे त्याला अधिक फळ यावं. खरं आहे. पण ते येशूनं त्याच्याबरोबर जेवलेल्यांना, स्वतःच्या मरणाच्या आदल्या रात्री सांगितलं. दुसऱ्याच्या उघड्या जखमेवर चिकटवायला ती पट्टी नाही. कुणी स्वतःबद्दल, सगळं पार पडल्यावर, मागं वळून तसं म्हटलं तर ऐकावं. तुमच्याबद्दल तुमच्यासमोर कुणी म्हटलं तर "हो का" म्हणून चहा ठेवायला आत जावं.

त्याच अध्यायात मला जास्त मोठी वाटणारी गोष्ट निराळीच आहे. जुन्या करारात इस्राएलाला द्राक्षवेल म्हटलंय, ते बहुतेकदा दोष दाखवायलाच. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ५व्या अध्यायात, मालक टेकडीवरची जमीन खणतो, दगड वेचतो, उत्तम वेल लावतो, मधोमध बुरूज बांधतो, द्राक्षकुंड खोदतो, आणि हाती येतात आंबूस रानद्राक्षं. यिर्मया संदेष्टा म्हणतो, जातिवंत वेल लावला होता, तो बिघडून परका झाला. यहेज्केल तर विचारतो, द्राक्षवेलाच्या लाकडाची भांडं टांगायला साधी खुंटी तरी होते का? असं हे शतकानुशतकं बोलणी खाल्लेलं नाव. त्या शेवटच्या रात्री येशूनं तेच उचललं: मी खरा द्राक्षवेल आहे. आसाफानं ज्याचं कुंपण मोडलं म्हणून टाहो फोडला, त्या वेलातच तो स्वतः येऊन राहिला. मळ्याबाहेर उभं राहून तुमची पडझड मोजणारा देव हा नव्हे. आणि फाट्याला काम काय सांगितलं? माझ्यामध्ये राहा. जोर लावून फळ काढ, असं नाही सांगितलं.

(यशयाचं ते ५व्या अध्यायातलं गाणं वाचलंत तर २७वाही लगेच वाचा. तिथं पुन्हा एक द्राक्षमळ्याचं गाणं आहे, पण सूर पार बदललेला. आधी मालकानं ढगांना पाऊस पाडू नका म्हणून बजावलं होतं. इथं तो म्हणतो, मी स्वतः याला क्षणोक्षणी पाणी घालतो, कुणी नासधूस करू नये म्हणून रात्रंदिवस राखतो. पहिल्या गाण्यावरच पुस्तक मिटणारे फार असतात.)

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडं येते. "थोरला, तोच." तुम्ही तो घाईत लिहून पुढं गेलात, पण मी तिथं थांबले. काम, कर्ज, आजारपण यांनी माणूस दमतो. तुम्ही दमलेल्याही आहात. पण वहीतल्या ज्या पानाचा तुम्हाला सगळ्यांत मोठा आधार होता, तेच पान आता सगळ्यांत जास्त टोचतंय, कारण देवानं ज्याला वाचवलं तोच त्याच्याकडं पाठ करून बसलाय. मला वाटतं, हेवा वगैरे वरवरचं आहे. आतला प्रश्न असा आहे: हेच व्हायचं होतं तर मग वाचवलंस कशाला? हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत. मी लिहिते, म्हणजे तो आता लिहिला गेलाय आणि आपल्या दोघींवर वीज पडलेली नाही.

होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, जवळजवळ हेच दुखणं आहे, पण देवाच्या बाजूनं. ज्या लोकांना त्यानं सगळं दिलं तेच दुसऱ्यांच्या मागं गेले, आणि ही द्राक्षं, ही अंजिरं आम्हाला त्यांनीच दिली म्हणू लागले. देव चिडतो. त्या वेलींचं रान करीन म्हणतो. आणि दोनच वचनांनी सूर फिरतो: मी तिला रानात नेईन, तिच्याशी मनधरणीनं बोलेन, आणि तिथूनच तिचे द्राक्षमळे तिला देईन, अखोरचं खोरं तिला आशेचं द्वार करून देईन.

अखोर म्हणजे क्लेश, आणि नावामागं घडलेलं आहे. यहोशवाच्या ७व्या अध्यायात, यरीहो पडल्यावर, आखानानं लुटीतला झगा, २०० शेकेल चांदी आणि ५० शेकेलांची सोन्याची कांब तंबूत पुरून ठेवली. त्यापायी सगळ्यांवर पराभव ओढवला आणि शेवटी याच खोऱ्यात त्याला धोंडमार झाली. वर दगडांची रास रचली. म्हणजे देशात पाऊल ठेवल्याठेवल्या लागलेला पहिला डाग हा. नव्या प्रदेशात, अष्कोलच्या खोऱ्यातून हेरांनी आणलेल्या त्या भल्यामोठ्या घडासारखं काही डोळ्यांसमोर ठेवून, देवाला आशेचं द्वार उभं करता आलं असतं. ते तो दगडांच्या त्या राशीपाशी उभं करतो. आणि द्राक्षमळे 'तिथून' देतो, रानातून, जिथं चार हातांवर पाणी लागत नाही.

म्हणून मुलाच्या आजारपणाचं पान टाळू नका. तुमचं अखोर ते आहे. पण त्या पानाचं हत्यारही करू नका. "देवानं तुला मरणातून काढलं आणि तू असा वागतोस" हे वाक्य जिभेवर आलं असेल, एखादवेळ बोलूनही झालं असेल. परत बोलू नका. त्यानं लेकराच्या डोक्यावर जन्माचं कर्ज बसतं, आणि घरात एक कर्ज पुरे आहे. अनुवाद या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात, जिथं 'तू न लावलेले द्राक्षमळे तुला मिळतील तेव्हा मला विसरू नको' असं सांगितलंय, तिथंच पुढं म्हटलंय की तुझा मुलगा तुला विचारील तेव्हा त्याला सांग, आम्ही मिसरात दास होतो. तो विचारील तेव्हा. आणि सुरुवात दास होतो इथून करायची, सुटलो इथून नव्हे. तुमचा मुलगा कधी ना कधी त्या तापाबद्दल विचारील. तेव्हा बाराव्या सकाळची साक्ष देऊ नका, आधीच्या अकरा रात्री सांगा. तुम्ही कशा घाबरला होतात, ह्यांनी कोपऱ्यात जाऊन काय केलं, तुम्ही देवाला काय काय बोललात. आईला असं पायाखालची जमीन सरकलेलं त्यानं कधी पाहिलं नसेल. स्वतःची सरकलीय ती कुणाला दाखवावी, हेच कदाचित त्याला कळत नसेल.

आता वहीचं कारण.

इ.स.पू. ५८७च्या सुमारास यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. शहर पडणार, हे त्यानंच सांगितलं होतं. म्हणून तर कैद. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. आणि यिर्मया घेतो! १७ शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडं देऊन सांगतो, मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. कारण परमेश्वर म्हणतो, या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

मग तो प्रार्थना करतो, आणि ती प्रार्थना तुमच्या ओळखीची निघेल. तू आकाश आणि पृथ्वी केलीस, तुला अवघड काही नाही. तू मिसरात चिन्हं दाखवलीस, हा देश दिलास. सगळं आठवतो. आणि शेवटी: हे बघ, वेढ्याचे मोर्चे शहराला येऊन भिडलेत, आणि तू मला म्हणतोस, पैसे मोजून शेत घे? सौदा करून बसलेला माणूस हे बोलतोय. हुकूमही पाळला आणि बुचकळ्यातही पडला. यिर्मयाला पुढं लोकांनी आपल्याबरोबर मिसरात नेलं; त्या शेतात त्यानं कधी पाऊल ठेवलं असं कुठं लिहिलेलं नाही. खत मात्र मडक्यात होतं.

तुमची वही रोज उघडून बरं वाटून घ्यायला नाही. ती खरेदीखत आहे. मळा ताब्यात असतो तेव्हा खत कुणी वाचत बसत नाही. ताबा गेला की मग कागद लागतो. तो घेऊन आसाफासारखं देवाच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, ही सही तुझी आहे ना? खत कुणी रद्दीत घालतं का?

तर असं करा. वही दिवसाउजेडी काढा, आणि एकटीनं नको. ज्या काकूंनी सल्ला दिला त्यांनाच बोलवा, आणि त्यांनाच वाचायला सांगा, मोठ्यानं. तुम्ही फक्त ऐका. ८०वं स्तोत्र 'आम्हाला' म्हणतं, 'मला' नाही म्हणत. एकाला आठवेनासं झालं की दुसऱ्यानं आठवायचं असतं. शेवटच्या नोंदीनंतरची जी पानं कोरी आहेत त्यांवर आता न मिळालेल्या उत्तरांच्या तारखा घाला. 'अमुक तारीख. ह्यांना आजही बोलावणं नाही.' बस्स, एवढंच. वचन जोडायचं नाही, शेवटी 'तरी देव चांगला आहे' असंही लिहायचं नाही. ज्या दिवशी खरंच म्हणावंसं वाटेल त्या दिवशी लिहा. मामांच्या वहीत रिकामे डोळेही टिपलेले असायचे.

झोप रोजच मोडत असेल, जेवण जात नसेल, कशातच जीव रमत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वासाचा कमीपणा काही नाही. लेकाला ताप आला तेव्हा तुम्ही प्रार्थनाही केलीत आणि दवाखान्यातही नेलंत.

पुढच्या पत्रात मला एक गोष्ट कळवाल का? बाराव्या सकाळी तो उठून बसला, पाणी मागितलं, हे तुम्ही लिहिलंत. अकराव्या रात्री काय झालं होतं?

तुमची,
ताई